सालामांकाचा शनिवार : होबार्टच्या धक्क्यावर तीन दिवस

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाचा बेत आखताना पहिली चूक होते ती वाराची. तिथली राजधानी होबार्टचे सालामांका मार्केट आठवड्यातून एकदाच भरते : शनिवारी, सकाळी 8.30 ते दुपारी 3. विमानाची तिकिटे आधी काढली आणि मग कळले की आपल्या वाट्याला सोमवार ते शुक्रवार आला आहे, असे पुष्कळांचे होते. म्हणून आधी शनिवार पक्का करावा आणि बाकीचे दिवस त्याच्या अलीकडे-पलीकडे लावावेत. नाताळ किंवा 25 एप्रिलचा अँझॅक दिन (सैनिकांचा स्मृतिदिन) शनिवारी येत असेल, तर बाजार भरणार आहे की नाही ते होबार्ट महापालिकेच्या वेळापत्रकात पाहून घ्यावे, कारण बाजार महापालिकाच चालवते. शुक्रवारी दुपारी पोहोचून सोमवारी सकाळी निघणे हा हिशेब उत्तम बसतो.

शुक्रवार

भारतातून होबार्टला थेट विमान नाही. मेलबर्नला उतरायचे, इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच उरकायचे, बॅग घेऊन पुन्हा देशांतर्गत विमानाला द्यायची आणि सव्वा तासात होबार्ट. दोन विमानांमध्ये किमान 3 तास हवेत. उतरताना भरायच्या कार्डावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करावा. मसाला, लोणचे, लाडू, सगळे. जाहीर केलेला पदार्थ चालत नसेल तर काढून घेतात, पण न सांगता आणलेला सापडला तर दंड होतो. पेढे-बर्फी घरीच ठेवावी. दुधाची मिठाई हमखास अडते.

मेलबर्नची तपासणी झाली म्हणजे सुटलो, असे मात्र समजू नये. टास्मानियाची स्वतःची वेगळी तपासणी आहे. ऑस्ट्रेलियाच्याच दुसऱ्या राज्यातून येतानाही ताजी फळे, भाज्या, रोपे आणि बिया आणता येत नाहीत. विमानात खायला घेतलेले केळे किंवा सफरचंद उतरल्यावर ठेवलेल्या पेटीत टाकावे लागते आणि सामानाच्या पट्ट्यापाशी प्रशिक्षित कुत्री बॅगा हुंगतात. बेटावर फळमाशी शिरू नये यासाठी हा सारा खटाटोप आहे. उद्या बाजारात ज्या चेरी दिसतील त्यांच्या बागा या काटेकोरपणावरच टिकून आहेत.

विमानतळ शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. शहरात जायला बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात. होबार्टमध्ये प्रवासी रेल्वे नाही. मुक्काम सालामांका, बॅटरी पॉइंट किंवा धक्क्यालगत घ्यावा, अंगणात गाडी लावायची सोय असलेले लांबचे घर स्वस्त वाटले तरी. शनिवारी पहाटेपासून सालामांका प्लेस हा बाजाराचा रस्ता वाहनांना बंद असतो, आजूबाजूच्या गल्ल्या भरून जातात आणि गाडीला जागा शोधण्यातच सकाळचा सगळ्यात चांगला तास जातो. भाड्याची गाडी रविवारी घेतली तरी चालते.

दुपार धक्क्यावर चालण्यात घालवावी. जागेची रचना आज समजली तर उद्या गर्दीत दिशा चुकत नाही. डरवेंट नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे रुंद होते, तिथल्या सलिव्हन्स कोव्ह या खाडीभोवती सगळे जुने होबार्ट वसले आहे. ब्रिटिशांनी इथे 1804 मध्ये वसाहत केली. त्याआधी ही मुविनिना लोकांची भूमी होती आणि आज पाट्यांवर होबार्टसोबत निपालुना हे मूळ भाषेतले नावही दिसते. वसाहतीला तेव्हा व्हॅन डीमन्स लँड म्हणत, आणि ब्रिटनसाठी ही काळ्या पाण्याची जागा होती. 1853 मध्ये कैदी पाठवणे थांबेपर्यंत पाऊण लाखाच्या आसपास माणसे इथे आणली गेली. धक्क्यावरचे बरेचसे दगडकाम त्यांच्या हातचे आहे.

सुरुवात पार्लमेंटपासून करावी. 1835 ते 1840 या काळात कैद्यांनी बांधलेली ही इमारत मुळात जकात कचेरी होती, म्हणूनच ती पाण्याकडे तोंड करून उभी आहे. तिथून ब्रूक स्ट्रीट पियर, मग कॉन्स्टिट्यूशन डॉक. 1945 पासून दर 26 डिसेंबरला सिडनीहून सुटणाऱ्या शर्यतीतल्या शिडाच्या होड्या इथे येऊन लागतात. त्या आठवड्यात मुक्कामाची जागा कित्येक महिने आधी धरावी लागते. एरवी डॉकमध्ये तरंगणाऱ्या होड्यांवरच मासळीची दुकाने असतात आणि तळलेला मासा कागदात बांधून मिळतो. सीगल पक्षी हातातला तुकडा पळवतात, त्यामुळे भिंतीला पाठ लावून बसावे. पुढे हंटर स्ट्रीटवर जुन्या जॅम कारखान्याची दगडी ओळ आहे. तिथेच हेन्री जोन्स हा मुलगा वयाच्या 12व्या वर्षी डब्यांवर लेबले चिकटवायला लागला आणि पुढे त्याच कारखान्याचा मालक झाला. आता तिथे हॉटेल आहे. जवळच लुई बर्नाची आणि त्याच्या कुत्र्याचा पुतळा आहे. अंटार्क्टिकाच्या भूमीवर पहिला हिवाळा काढणाऱ्या तुकडीत तो होता. दक्षिण ध्रुव गाठून परतलेल्या आमुंडसेनने 1912 च्या मार्चमध्ये ती बातमी जगाला याच बंदरातून तारेने कळवली. आजही ऑस्ट्रेलियाचे नारिंगी रंगाचे हिमभेदक जहाज न्यूयिना इथूनच सुटते.

संध्याकाळी 5.30 ला सालामांका आर्ट्स सेंटरच्या आतल्या चौकात रेक्टँगो नावाची संगीताची बैठक असते. ती 7.30 पर्यंत चालते आणि तिकीट नाही. थंडीत शेकोटी पेटवलेली असते. वखारींच्या भिंतींमधून जाणारा बोळ चटकन दिसत नाही, गाण्याच्या आवाजाच्या दिशेने जावे.

शनिवार

सकाळी 8.15 ला सालामांका प्लेसवर हजर राहावे. पालांच्या रांगा तोवर उभ्या झालेल्या असतात, माल लागत असतो. पहिला पाऊण तास फक्त चालावे, काही विकत घेऊ नये. 300 पेक्षा जास्त विक्रेते आहेत आणि एकाच प्रकारची वस्तू चार ठिकाणी चार दर्जांची असते. पहिल्याच पालावर पाकीट उघडले तर पुढे हळहळ होते. पार्लमेंटच्या टोकापासून बॅटरी पॉइंटच्या बाजूला एका रांगेने जावे आणि दुसऱ्या रांगेने परत यावे. अपवाद ताज्या फळांचा आणि पावाचा. ते दिसताच घ्यावेत, कारण चांगला माल लवकर संपतो.

10.30 ते 1 ही दाटीची वेळ. ऑक्टोबर ते एप्रिल पर्यटक-जहाजांचा हंगाम असतो. शनिवारी एखादे मोठे जहाज मॅक्वारी वार्फ या धक्क्याला लागले, तर तिथले प्रवासी पायीच बाजारात येतात आणि वाट चालण्यासारखी राहत नाही. बंदराचे जहाजांचे वेळापत्रक आधी जाहीर होते, ते पाहावे. असा शनिवार असेल तर खरेदी 10 पर्यंत आटोपावी. दुपारी 2 नंतर गर्दी ओसरते, पण विक्रेते आवराआवर सुरू करतात आणि त्यांच्याशी निवांत बोलणे होत नाही. या बाजाराचा खरा लाभ त्या बोलण्यातच आहे. बऱ्याच पालांमागे वस्तू करणारा माणूस स्वतः उभा असतो. हे तुम्ही केले का, लाकूड कुठले, मधमाश्यांच्या पेट्या कुठे ठेवता, असे विचारावे. करणारा थांबत नाही, सांगतच जातो. आणून विकणारा मोघम उत्तर देतो आणि किंमत सांगू लागतो. ओळखण्याची याहून चांगली खूण नाही.

घासाघीस करण्याची रीत नाही. एकाच पालावरून तीन-चार वस्तू घेताना दर विचारला तर कुणी वाईट मानत नाही, पण एकेका वस्तूवर किंमत पाडून मागणे अपमानाचे समजतात. कार्ड जवळपास सगळीकडे चालते. तरीही 50 ते 100 ऑस्ट्रेलियन डॉलर सुट्या नोटांत ठेवावेत, कारण गर्दीत यंत्राचे नेटवर्क गळपटते. कापडी पिशवी न्यावीच. दुकानातल्या पातळ प्लास्टिक पिशव्यांवर टास्मानियाने 2013 मध्ये बंदी आणली आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या खाद्यभांड्यांवर होबार्ट महापालिकेने 2021 पासून.

आता काय घ्यावे.

लाकूड सगळ्यात आधी. ह्युऑन पाइन हे झाड टास्मानियाबाहेर रानात उगवत नाही. त्याचा बुंधा वर्षाला साधारण 1 मिलिमीटर जाड होतो आणि काही झाडे 2,000 वर्षांहून जुनी आहेत. उभे झाड तोडायला आज परवानगी नाही. नदीतून वाहून आलेले, जुन्या तोडीत पडून राहिलेले ओंडकेच वापरतात. लाकडातल्या तेलामुळे ते कुजत नाही, म्हणून जुन्या काळी होड्यांसाठी त्याला फार मागणी होती. रंग मधासारखा पिवळा आणि वास गोडसर, मसालेदार. वस्तूवर वार्निशचा जाड थर असेल तर वास येणार नाही, आणि विक्रेता म्हणतो म्हणून विश्वास ठेवावा लागेल. वास हवा असेल तर बिनपॉलिशची ठोकळी किंवा भुशाची पुरचुंडी मागावी. कपाटात कसरीपासून कपडे राखायलाही ती उपयोगी पडते. काळ्या रेघांचे सॅसाफ्रास दिसते, त्या रेघा बुरशीने आलेल्या असतात आणि त्यांच्यासाठीच ते मागतात. ब्लॅकवुड तपकिरी, आपल्या बाभळीचा नातलग. चिरायचा पाट घेतला तर तो भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये आणि पाण्यात भिजत ठेवू नये. एका बाजूने पाणी प्यायला की तो वाकतो. हाताने धुऊन उभा वाळवावा आणि महिन्यातून एकदा खाण्याजोग्या खनिज तेलाचा हात द्यावा. स्वयंपाकाचे तेल लावले तर ते खवट होते.

मधात लेदरवुडचा घ्यावा. ही झाडे पश्चिमेकडच्या ओल्या रानात असतात. जानेवारी ते मार्च या फुलोऱ्यात मधपाळ पेट्या ट्रकने तिकडे नेतात. चव उग्र, फुलांची आणि किंचित तिखट; नुसता चमचा तोंडात घेतला तर काहींना आवडत नाही, पण पावावर लोण्याबरोबर तो खुलतो. आधी चव पाहायला मागावी, देतात. बरणीतला मध रवाळ झाला म्हणजे भेसळ आहे, असे नाही. बरणी 40 अंशांपेक्षा कमी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पाणी जास्त तापवले तर सुवास उडतो, आणि त्या वासाचेच तर पैसे दिलेले असतात.

लोकर घेताना पालावरचे नाव न वाचता कपड्याच्या आतली पट्टी वाचावी : मेरिनो मेंढीची लोकर किती टक्के आणि विणकाम कुठले. धागा जितका बारीक तितका मऊ. साडेअठरा मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मेरिनोला अतितलम म्हणतात. 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीला टोचतात. म्हणून मफलर हाताऐवजी मानेला लावून पाहावा. धुताना गार पाणी आणि लोकरीचा साबण. गरम पाणी आणि घुसळण एकत्र आली की तंतू एकमेकांत अडकतात आणि स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होतो.

मसाल्यांत पेपरबेरी नवी वाटेल. स्थानिक रानातली ही काळी मिरीएवढी जांभळी फळे आधी गोडसर लागतात आणि काही क्षणांनी जिभेला झोंबतात. मिरीच्या निम्म्याने सुरुवात करावी, आणि पांढऱ्या रश्शात घातली तर तो जांभळट होणार हे धरून चालावे. व्हिस्की-जिनच्या पालांवर 18 वर्षांवरच्यांना घोटभर चव देतात. बेटावर दीडशे वर्षांच्या खंडानंतर 1992 मध्ये पुन्हा भट्टी लागली आणि आज तिथली व्हिस्की जगभर जाते. फळांचा हिशेब महिन्यावर : चेरी डिसेंबर-जानेवारीत, रास्पबेरी मार्चपर्यंत, सफरचंदे फेब्रुवारीपासून पुढे. फळे तिथेच खाऊन संपवावीत.

खाण्यात करी घातलेली स्कॅलप पाय (pie) ही इथली खास गोष्ट : शिंपल्यातल्या मांसल गोळ्यांना करी पावडरीचा पिवळा रस्सा आणि वर खुसखुशीत कवच. तिखटपणा आपल्या मानाने नावाला. कडेने चावा घेऊन वाफ जाऊ द्यावी, नाहीतर रस्सा टाळू पोळतो. वॅलबी या कांगारूच्या लहान भाईबंदाचे मांस पोळीत गुंडाळलेले बरितोही मिळतात. शाकाहारी असाल तर "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर मासा चालतो असे समजणारे भेटतात, तेव्हा मांस नको, मासा नको, अंडे हवे की नको, हे वेगवेगळे सांगावे. ऊन थंड वाटले तरी कातडी भाजते. टोपी आणि सनस्क्रीन हवेच. जानेवारीतही डोंगरावरून वारा सुटला की अर्ध्या तासात जाकीट लागते आणि पालांमध्ये आडोसा नसतो.

खरेदी झाली की पाठ फिरवून वखारींची रांग पाहावी. 1830 च्या दशकापासून बांधलेल्या या वालुकाश्मी वखारींमध्ये धान्य, लोकर आणि व्हेलचे तेल साठवत. वरच्या मजल्यांची दारे रस्त्यावर अधांतरी उघडतात. तिथूनच माल दोराने वर-खाली व्हायचा. मागच्या सालामांका स्क्वेअरमध्ये उभा कडा दिसतो, ती दगडाची जुनी खाण. नाव आले 1812 च्या सालामांकाच्या लढाईवरून. स्पेनमधली ही लढाई ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने जिंकली आणि शहरामागच्या डोंगरालाही त्याचेच नाव दिले गेले. गलबते इथून हटली तशा वखारी ओस पडल्या. 1972 मध्ये बाजार सुरू झाला, मग त्याच दशकात सात वखारींमध्ये कलावंतांचे केंद्र आले, आणि रांग पाडली जाण्यापासून वाचली.

या पालांनी वेगळाही इतिहास पाहिला आहे. लाओसहून निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग कुटुंबांनी भाजी पिकवून इथे विकली आणि शहराला कितीतरी पालेभाज्यांची ओळख करून दिली. 1988 मध्ये समलिंगी हक्कांसाठी सह्या गोळा करणाऱ्या गटाला महापालिकेने पाल लावायला मनाई केली. लोक दर शनिवारी येऊन उभे राहत आणि पोलीस त्यांना पकडून नेत; अटकेचा आकडा 130 च्या आसपास गेला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा टास्मानियाचा कायदा 1997 मध्ये बदलला आणि महापालिकेने 2008 मध्ये माफी मागितली. फळांच्या आणि मधाच्या गर्दीतून चालताना हे माहीत असावे असे वाटते.

दुपारी वखारींच्या रांगेतल्या बोळातून केलीज स्टेप्स चढून बॅटरी पॉइंटला जावे. 1839 च्या या पायऱ्या जेम्स केली या व्हेल-शिकारी कप्तानाच्या नावाच्या. 1815-16 मध्ये तो वल्ह्यांच्या होडीतून सबंध टास्मानियाला वळसा घालून आला होता. वर आर्थर सर्कसला गोल हिरवळीभोवती बसक्या खोल्यांची घरे आहेत. त्यांत लोक राहतात, खिडक्यांतून डोकावून फोटो काढू नयेत. हॅम्पडन रोडवर चहा घ्यावा. पिशव्या जड असतील तर आधी खोलीवर टाकून याव्यात. चढ लहान आहे पण मधाच्या चार बरण्या घेऊन तो लहान राहत नाही.

रविवार

सकाळी उठून डोंगराकडे पाहावे आणि मग दिवस ठरवावा. कुनान्यी म्हणजे माउंट वेलिंग्टनचा 1,271 मीटर उंचीचा माथा स्वच्छ दिसत असेल तर लगेच निघावे, दुपारी ढग येतात. रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो, गाडीने अर्धा तास. बर्फ पडला की तो बंद करतात. वर शहरापेक्षा 8-10 अंश थंडी जास्त आणि वारा वेगळाच. वाटेत साउथ होबार्टच्या टेकडीवर दगडांनी मांडलेली "कीन्स करी" ही प्रचंड अक्षरे दिसतात. 19व्या शतकात जोसेफ कीनने इथे करी पावडर करायला सुरुवात केली. कालच्या पायमधला पिवळा रंग त्याच परंपरेतला. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये हा डोंगर पायी चढला होता.

माथा ढगात असेल तर ब्रूक स्ट्रीट पियरवरून फेरीने मोनाला जावे. 2011 मध्ये उघडलेले हे कलासंग्रहालय बरेचसे जमिनीखाली आहे. फेरीला 25 मिनिटे लागतात आणि धक्क्यावरून वर 99 पायऱ्या आहेत. संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस उघडे नसते, रविवारी असते. तिकीट आणि फेरी दोन्ही आधी धरावीत.

दोन्हीपैकी काहीही केले तरी आधी 8.30 ला बाथर्स्ट स्ट्रीटवरच्या फार्म गेट मार्केटला चक्कर मारता येते. ते 1 पर्यंत चालते आणि तिथे शेतकरी आपला माल स्वतः विकतात. हस्तकलेची गर्दी नाही, बटाटे, लसूण, चीज, पाव. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर रविवारचे जेवण तिथूनच आणावे.

रात्री सामान भरताना मधाची बरणी मफलरमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावी. ऑस्ट्रेलियातल्या देशांतर्गत विमानात ती हातात चालते, पण पुढच्या आंतरराष्ट्रीय विमानाला 100 मिलिलिटरचा नियम लागतो आणि ती तपासणीत काढून घेतात. आणि परतीचा प्रवास पर्थ शहरात थांबून असेल तर मध घेऊच नये : पश्चिम ऑस्ट्रेलिया बाहेरच्या राज्यांतला मध मधमाश्यांच्या रोगांच्या भीतीने आत येऊ देत नाही. तो विमानतळावरच्या पेटीत टाकावा लागतो.